ती मुलं पळून का जात नाहीत? 'नेव्हर लेट मी गो'चं पुस्तक, सिनेमा आणि तुमची पटकथा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. काझुओ इशिगुरोंची 'नेव्हर लेट मी गो' वाचताना ही मुलं पळून का जात नाहीत हा प्रश्न तुम्हाला पडला नाही, पण मार्क रोमानेकचा सिनेमा बघताना तो डोक्यातून गेला नाही; असं का, हा पहिला प्रश्न. दुसरा तुमच्या कामाचा. तुम्ही एका मराठी कादंबरीवर पटकथा लिहायला घेतली आहे. तिच्यातल्या माणसांनाही आपण कधी मरणार ते ठाऊक आहे, आणि कुणी बंड करत नाही. निर्माता नॅरेशनच्या, म्हणजे त्याला गोष्ट ऐकवतानाच्या, दहाव्या मिनिटाला "मग हा काहीच का करत नाही?" असं विचारणार, त्याला काय सांगायचं? पटकथा लिहिणं आणि दुसऱ्यांच्या पटकथांची डागडुजी करणं हाच माझा उद्योग असल्याने दोन्हींचं उत्तर एकत्रच देते.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी २००५ची, सिनेमा २०१०चा, पटकथा ॲलेक्स गार्लंडची. गोष्ट इंग्लंडमधली, पण त्या इंग्लंडमध्ये माणसांचे क्लोन तयार करून वाढवतात आणि ते तरुण झाले की एकेक अवयव काढून घेतात. दोन, तीन, फार तर चार शस्त्रक्रिया, की माणूस संपला. कॅथी, टॉमी आणि रूथ हेल्शम नावाच्या निवासी शाळेत वाढतात, मग मोठेपणी इतर क्लोनांबरोबर 'कॉटेजेस' नावाच्या वस्तीत राहतात, मग कॅथी 'केअरर' होते, म्हणजे आपल्यासारख्याच दात्यांची शुश्रूषा करत आपली पाळी येण्याची वाट बघते. कुणी पळत नाही, कुणी पहारेकऱ्याला मारत नाही. मुळात पहारेकरीच नाहीत. फार तर कॅथी आणि टॉमीला एक अफवा कळते की खरं प्रेम असेल तर तीन-चार वर्षं वाढवून मिळतात, आणि ते अर्ज करायला जातात. बंडाची मजल अर्जापर्यंत.

आता पुस्तकात हे का पटतं? बहुतेक लोक सांगतात की कॅथीची भाषा शांत आहे, सूर संथ आहे. ते खरं आहे, पण खरी करामत वेगळी आहे. कॅथी आपल्याशी बोलते ती आपण तिच्यातलेच एक आहोत असं धरून. तुम्ही होतात तिथे कसं होतं मला माहीत नाही, पण हेल्शममध्ये असं असायचं, अशा अर्थाची वाक्यं ती सहज टाकून जाते. म्हणजे वाचकही असल्याच कुठल्या तरी शाळेतून आलेला, त्याच्याही नशिबात तेच. तो काही बाहेरून आलेला, धक्का बसलेला पाहुणा नाही. तिला त्याला काही समजावून सांगायचं नाही, फक्त जुन्या आठवणींवर गप्पा मारायच्या आहेत: कोण कुणाशी बोलेनासं झालं, कुणाची पेन्सिल-पेटी कुठून आली. आपण पन्नास पानं या गप्पांत रमतो आणि नकळत कुंपणाच्या आत जाऊन बसतो. आत बसलेल्याला पळण्याचा प्रश्न पडत नाही.

कॅमेऱ्याला ही सोय नाही. तो जिथे ठेवाल तिथून बघतो, आणि प्रेक्षक त्याच्या मागे उभा असतो, म्हणजे बाहेर. पुस्तकातली कॅथी तासन् तास एकटी गाडी चालवते, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात. वाचताना ती गाडी आठवणी काढायची जागा आहे. पडद्यावर तीच गाडी आली की चावी दिसते, पेट्रोल दिसतं, समोर मोकळा रस्ता दिसतो, आणि थेटरातला प्रत्येक माणूस मनात म्हणतो, अगं, वळव ना! यात दिग्दर्शकाची चूक नाही, माध्यमाचा स्वभावच तसा आहे. कादंबरी आली त्याच वर्षी, २००५ साली, मायकल बे यांचा 'द आयलंड' आला होता. त्यातही अवयवांसाठी वाढवलेले क्लोन आहेत, आणि नायक-नायिका सत्य कळताक्षणी पळतात. मग पाठलाग, हेलिकॉप्टर, काचा फुटतात. कॅमेऱ्याच्या स्वभावाला शरण जायचं ठरवलं की हा सिनेमा तयार होतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात मरणाचा विषय शिल्लक राहत नाही, कारण पळून जाता येतं त्याला मरण म्हणत नाहीत.

इशिगुरोंनी मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितलं आहे की त्यांना पळणाऱ्या गुलामांची गोष्ट लिहायचीच नव्हती. सत्तर-ऐंशी वर्षांचं साधं माणसाचं आयुष्य तीसेक वर्षांत बसवून बघायचं होतं. आपणही पळत नाही. नोकरीवर जातो, भांडतो, हप्ते भरतो. म्हणजे पटकथाकाराचं काम एवढंच की प्रेक्षकाला लवकरात लवकर आत ओढायचं आणि पुन्हा बाहेर पडू द्यायचं नाही. हा एक निकष घेऊन तो सिनेमा पुन्हा बघा. कुठला प्रसंग का जमला आणि कुठला का फसला ते आपोआप सुटं होत जाईल.

जमलेल्या प्रसंगांत माझ्या मते सर्वात वरचा कुंपणाचा. मुलं मैदानावर खेळताहेत. चेंडू उडून कुंपणापलीकडे पडतो. कुंपण म्हणजे काय, साधं, बुटकं, सात-आठ वर्षांचं पोरही टांग टाकून जाईल असं. चेंडू समोर दिसतोय. टॉमी धावत जातो आणि कुंपणाशी थांबतो. उभा राहतो. परत फिरतो. नंतर नव्याने आलेल्या शिक्षिका मिस लूसी वर्गात विचारतात, चेंडू का नाही आणलास? मुलं सांगू लागतात: एक मुलगा हद्दीबाहेर गेला होता, तो जंगलात झाडाला बांधलेला सापडला, हातपाय तोडलेले. एक मुलगी बाहेर गेली, तिला परत आत घेतलंच नाही. लूसीबाई विचारतात, हे खरं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यावर मुलांचा जबाब असा की खरंच असणार, इतक्या भयंकर गोष्टी खोट्या कोण सांगेल?

पुस्तकात ही सामग्री विखुरलेली आहे. शाळेमागच्या जंगलाच्या दंतकथा एका ठिकाणी, मिस लूसीचं अस्वस्थ होणं दुसऱ्या ठिकाणी, कुंपणात वीज असती तर काय झालं असतं यावरचा तिचा विचित्र शेरा तिसऱ्या ठिकाणी. गार्लंडने ते सगळं एका चेंडूभोवती गोळा केलं. रूपांतर म्हणतात ते याला. भीती दाखवायला भिंत लागली नाही, कुत्रे लागले नाहीत, एक न आणलेला चेंडू पुरला. आणि यानंतर मोठेपणी कॅथी गाडी घेऊन का पळत नाही याचं उत्तर खरं तर दिलेलं आहे. ती अजून त्या कुंपणाशीच उभी आहे.

तसाच कॅफेचा प्रसंग. कॉटेजेसमधली ही पोरं पहिल्यांदाच बाहेरच्या जगात जेवायला बसतात. वेट्रेस ऑर्डर घ्यायला येते आणि यांची बोबडी वळते. एकाने सॉसेज, अंडं आणि चिप्स म्हटलं की सगळे तेच मागवतात. थेटरात लोक हसतात, मीही हसले. पण त्या हसण्यात कळतं की यांना पळून जायला कुणी अडवलेलं नाही, पळून गेल्यावर चहा कसा मागायचा हे यांना माहीत नाही. शाळेत एकदा मोठमोठी खोकी येतात, मुलं उड्या मारतात, आणि आत निघतात मोडकी खेळणी, हात तुटलेल्या बाहुल्या. तरी आनंद तोच. हे तिन्ही प्रसंग एका जातीचे आहेत. कुणी काही समजावत नाही. फक्त सवय दिसते.

आता फसलेलं. सिनेमा सुरू होतो तो पडद्यावरच्या मजकुराने: १९५२ मध्ये वैद्यकशास्त्रात क्रांती झाली, १९६७ पर्यंत आयुर्मान शंभरीपलीकडे गेलं. संपलं. पहिल्या मिनिटाला प्रेक्षकाला बाहेरच्या खुर्चीत बसवून हातात माहितीपत्रक दिलं. पुस्तक वाचकाला सांगतही राहतं आणि लपवतही राहतं, अगदी मुलांना सांगितलं जातं तसंच, आणि म्हणूनच वाचकाला कळतं तेव्हा 'हे आपल्याला आधीपासून माहीतच होतं' असं वाटतं. ही अवस्था म्हणजे कादंबरीचा कणा. पाटी लावून तो मोडतो. मला त्यामागची अडचण समजते: चाचणी खेळाला लोक गोंधळले की निर्मात्यांची पहिली सूचना "वर एक कार्ड टाका" हीच असते. तुमच्यावरही ही वेळ येईल, तेव्हा कार्डाऐवजी चेंडूसारखा एक प्रसंग मागून घ्या.

दुसरी गोष्ट मनगटातल्या पट्ट्यांची. सिनेमात मुलं येता-जाता दाराशी यंत्रासमोर मनगट धरतात, 'बीप' होतं. पुस्तकात असं काही नाही. काही जणांना हे आवडतं, यंत्रणा दिसते म्हणून. मला हा अर्धवट तोडगा वाटतो. पळून का जात नाहीत याचं तांत्रिक उत्तर दिलं की प्रेक्षक तांत्रिकच प्रश्न विचारतो: मग पट्टा कापत का नाहीत? चेंडूच्या प्रसंगाने जे कमावलं ते 'बीप'ने घालवलं.

उशीच्या प्रसंगाबद्दल मात्र मी इतकी ठाम नाही. पुस्तकात लहान कॅथी एकटीच कॅसेट लावून, उशीला बाळासारखं उराशी धरून डोलत असते, आणि दारात उभी असलेली मादाम, म्हणजे शाळेत अधूनमधून येणारी बाहेरची बाई, ते बघून रडते. का रडली ते कितीतरी वर्षांनी कळतं: तिला त्या मुलीत जुनं, मायाळू जग घट्ट धरून बसलेली कुणीतरी दिसली होती, आणि समोरून नवं, निष्ठुर जग येताना दिसत होतं. सिनेमात दारातून बघते ती रूथ. म्हणजे तत्त्वचिंतन गेलं आणि मत्सर आला. पुढच्या प्रेमत्रिकोणाची ठिणगी तिथे पडते. कॅसेटही पुस्तकात कॅथीने स्वतः शाळेतल्या विक्रीत घेतलेली आहे, सिनेमात ती टॉमी तिला देतो. नुकसान मोठं आहे, पण एकशे तीन-चार मिनिटांच्या सिनेमात तिघांचं नातं उभं करायला कुठेतरी ठिणगी पाडावीच लागणार होती, हेही खरं. पटकथेच्या कामात असे सौदे रोजचे. करताना काय विकतोय एवढं माहीत असलं पाहिजे.

एका जागी सिनेमा पुस्तकाच्या पुढे जातो असं मी म्हणेन. रूथचा शेवट पुस्तकात कॅथीच्या नजरेतून, खाटेशेजारून येतो. सिनेमात आपण शस्त्रक्रियेच्या खोलीत आहोत. डॉक्टर अवयव काढून घेतात, मॉनिटरवरची रेषा सपाट होते, आणि कुणी धावपळ करत नाही. यंत्रं बंद करतात, जे हवं ते घेऊन निघून जातात. रूथ टेबलावर तशीच उघडी पडून राहते. संगीताने गळा काढलेला नाही, कुणी हंबरडा फोडलेला नाही. हॉस्पिटलचे सीन आपल्याकडे कसे लिहिले जातात ते आठवा: बीप वाढतं, नर्स धावते, शॉक देतात, बाहेर आई देवापुढे हात जोडून उभी. त्या सगळ्याची सवय झालेल्या डोळ्यांना ही निवांत आवराआवर हादरवून टाकते. इथे प्रेक्षक आतच आहे, कारण खोलीत आश्चर्य वाटणारं कुणीही नाही.

आणि मग शेवट. टॉमी गेल्यानंतर कॅथी शेतातल्या तारेच्या कुंपणाशी उभी आहे, तारेला वाऱ्याने आणलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या आहेत. हे दृश्य पुस्तकातही आहे. तिथे कॅथी क्षणभर कल्पना करते की लांबून टॉमी येतोय, ती कल्पना तिथेच थांबवते, आणि जिथे जायचं होतं तिथे जायला गाडीकडे वळते. सिनेमात यावर कॅथीचा व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यामागून आवाज, आहे: आम्ही ज्यांना वाचवतो त्यांचं आयुष्य आमच्याहून इतकं वेगळं असतं का, सगळेच संपतात, पुरेसा वेळ मिळाला असं कुणालाच वाटत नाही, अशा आशयाचा. विचार चुकीचा नाही. लेखकाचा मूळ विचारच तो. पण तो पात्राच्या तोंडी घातला की पात्र प्रेक्षकाकडे वळून बोलू लागतं, त्याला 'तुम्ही' आणि 'आम्ही' सांगू लागतं. दीड तास खपून जे अंतर मिटवलं ते शेवटच्या मिनिटाला पुन्हा उघडलं. हा शेवट एकदा आवाज बंद करून बघा. कॅथी झालेल्या कॅरी मलिगनचा चेहरा, तार, चिंध्या. काही कमी पडत नाही.

जपानमधल्या रूपांतराचा उल्लेख करते, कारण तुमचा निर्माता उद्या वेब सिरीजचं नाव काढेल. २०१६ साली टीबीएस वाहिनीने या कादंबरीची मालिका केली, हारुका आयासे मुख्य भूमिकेत, गोष्ट जपानमध्ये आणलेली. तिथे व्यवस्थेविरुद्ध उभी राहणारी एक मुलगी आहे. कारण उघड आहे. अनेक भागांची मालिका निव्वळ सवयीवर चालवणं फार अवघड, आठवड्याला काहीतरी घडावं लागतं. तुमच्या गोष्टीला दोन तासच पुरेसे असतील तर लांबी वाढवण्याच्या मोहात पडू नका.

आता तुमच्या पटकथेकडे. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात मला दोन धोके दिसतात.

पहिला आपल्याकडचा खास. अवयव, हॉस्पिटल, गरीब मुलं हे शब्द आले की मुंबईतल्या कुठल्याही टेबलावर गोष्ट पाच मिनिटांत किडनी रॅकेटची होते. एक पत्रकार येतो, एक भ्रष्ट डॉक्टर येतो, शेवटी कोर्ट. तो सिनेमा जरूर व्हावा, पण तो तुमचा नाही. त्यात गुन्हेगार पकडला की मरण टळतं. तुमच्या व्यवस्थेत कुणी गुन्हेगार दिसता कामा नये. सगळे सभ्य हवेत, थोडे दमलेले. इशिगुरोंच्या कादंबरीत कॅथी आणि टॉमी आयुष्याची भीक मागायला जातात तेव्हा त्यांच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंचा अर्धा जीव विकायला काढलेल्या कपाटात अडकलेला असतो, माणसं ते न्यायला यायची आहेत, कुठे ओरखडा तर पडणार नाही ना. क्रौर्य म्हणून याच्या तोडीचा दुसरा प्रसंग मला चटकन आठवत नाही, आणि त्यात कुणाचा आवाजही चढत नाही. तुमच्या तिसऱ्या अंकातला अधिकारी जो दीड पान भाषण करतो, त्याला असं एखादं कपाट द्या.

दुसरा धोका अध्यात्माचा. तुम्ही लिहिलं आहे की आपल्याकडे वारकरी परंपरेमुळे मरणाचा स्वीकार प्रेक्षकाला जवळचा वाटेल, म्हणून आजोबांच्या तोंडी अभंग ठेवले आहेत. मला हे पटत नाही. संतांचा स्वीकार आयुष्य बघून, झगडून, देवाशी भांडून आलेला आहे. तुमच्या मुलांचा स्वीकार त्यांना शाळेत शिकवलेला आहे, पाढ्यांसारखा. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दुसरीला पहिलीचं तेज चढतं आणि व्यवस्था निर्दोष सुटते. अभंग ठेवायचेच असतील तर शाळेच्या प्रार्थनेत ठेवा, लाउडस्पीकरवर, रांगेत उभ्या पोरांकडून म्हणवून घेतलेले. मग प्रेक्षकाला अस्वस्थ व्हायला जागा राहील.

स्वीकार बाहेरून दाखवायचा असेल तर कुरोसावांचा 'इकिरू' अभ्यासा, १९५२चा. कॅन्सर झालेला सरकारी अधिकारी मरायच्या आधी मुलांसाठी बाग करून जातो, पण सिनेमा बराच उरलेला असताना तो मरतो आणि पुढचं सगळं त्याच्या शोकबैठकीला जमलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडून कळतं. त्याच्या मनात काय होतं ते कुणालाच नीट माहीत नाही. याच गोष्टीवर २०२२ मध्ये 'लिव्हिंग' निघाला, आणि त्याची पटकथा इशिगुरोंनीच लिहिली. तुमच्या नायिकेचा व्हॉइसओव्हर काढून टाकल्यावर जी पोकळी होईल ती भरायला ही रचना कामी येईल: तिच्याबद्दल इतरांना बोलू द्या, आणि त्यांचं एकमेकांशी जुळू देऊ नका.

व्हॉइसओव्हर पूर्णच काढा असं मी सांगत नाही. ठेवायचा तर तिने गोष्ट तिच्याच मैत्रिणीला सांगितली पाहिजे, प्रेक्षकाला नाही. "आमच्याकडे" हा शब्द आला की थांबा. "आपल्याकडे" म्हणता येतंय का बघा. सध्याच्या ड्राफ्टमधली निम्मी वाक्यं या एका चाळणीतून गळतील.

पैशाबद्दल विचारलंत म्हणून: 'नेव्हर लेट मी गो'चं बजेट सुमारे दीड कोटी डॉलर होतं आणि जगभरातली कमाई एक कोटीच्याही आत राहिली, तेही कीरा नाइटली आणि अँड्र्यू गारफिल्डसारखे नट असताना. निर्मात्याला हे लपवू नका. कमी खर्चाचा आराखडा घेऊनच जा. तुमच्या गोष्टीला एक जुनी शाळा, एक एसटी स्टँड आणि एक दवाखाना एवढंच लागतं, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे.

आणि सर्वात आधी हक्कांचं बघा. तुमच्या कादंबरीचे लेखक हयात नाहीत म्हणून पुस्तक मोकळं झालं असं नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. प्रकाशकाने तोंडी "करा हो" म्हटलं त्याला अर्थ नाही, चित्रपटाचे हक्क त्याच्याकडे आहेत की नाहीत ते करारात बघावं लागतं. वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, ठरावीक मुदतीचा लेखी करार करा, आणि रूपांतरात बदल करण्याची मुभा त्यात स्पष्ट लिहून घ्या. चेंडू तुम्ही नवा आणणार असाल तर त्या मुभेची गरज पडेल. ते झालं की पुढचा ड्राफ्ट पाठवा, तिसरा अंक आपण एकत्र बघू.